शेवटचं कडवं

दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या ओळीत १९८९ ते २००७ अशी अठरा वर्षं माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीच्या जोडीला कॅसेट भरून देण्याचं काम. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचं, कोरी कॅसेट आणायचं, आणि मी दोन टेप एकमेकांना जोडून त्याची आवडती गाणी एका कॅसेटवर उतरवून द्यायचो. कायद्यानं ते चूक होतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर मी ते बंद केलं असतं असंही नाही. या लेखाचा विषय त्या दुकानातून निघाला, म्हणून आधी दुकान सांगितलं. माझं शिक्षण बारावीपाशी थांबलं. संशोधनाची पद्धत वगैरे जे काही माझ्याजवळ आहे, ते टेपच्या हेडवरचा मळ काढता काढता आलेलं आहे.

विषय आहे चाहत्यांचा. त्यातही अशा कलावंतांच्या चाहत्यांचा, ज्यांच्यामागे मोठी कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. इंग्रजीत अशा संगीताला 'इंडी' म्हणतात, म्हणजे स्वतंत्रपणे, स्वतःच्या किंवा एखाद्या लहान कंपनीच्या बळावर निघालेलं. सिनेमाच्या बाबतीत 'कल्ट' हा शब्द वापरतात. कल्ट म्हणजे पंथ. सुरुवातीला पडलेला, थोड्यांनीच पाहिलेला, पण ज्यांनी पाहिला त्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा. १९७५ चा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' आधी आपटला, मग १९७६ पासून न्यूयॉर्कच्या एका थिएटरात मध्यरात्रीच्या खेळांना लोक त्यातल्या पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले, पडद्यावरच्या माणसाच्या आधी त्याचं वाक्य ओरडू लागले. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे चाहते गावोगाव मागे फिरायचे आणि कार्यक्रम आपापल्या टेपवर भरून घ्यायचे. बँडनं १९८४ पासून अशा टेपवाल्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. त्या टेप विकायच्या नाहीत, एकमेकांना द्यायच्या, असा त्यांच्यातला अलिखित नियम.

हे सगळं वाचताना मला गंमत वाटत होती. कार्यक्रम टेपवर भरून घ्यायचा, ती टेप दुसऱ्या गावच्या पाहुण्याला द्यायची, त्यानं तिची आणखी एक प्रत काढायची, गाणाऱ्याला कधी डोळ्यांनी न पाहता त्याचं प्रत्येक गाणं पाठ करायचं, हे मी माझ्या काउंटरवर रोज पाहत होतो. फक्त आमच्याकडे रॉक नव्हता. आमच्याकडे भीमगीतं होती.

*

लोकशाहीर वामनदादा कर्डक यांना मी कधीही पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात माझ्या वयाचा जो भेटतो तो दादांना ऐकल्याचं सांगतो. कुणाच्या घरी ते मुक्कामाला होते, कुणाच्या ओसरीवर त्यांनी गाणं लिहिलं, कुणाच्या आईच्या हातची भाकर खाल्ली. यातलं पुष्कळ खरं असणार, कारण दादा महाराष्ट्रभर वस्त्यावस्त्यांतून हिंडले आणि विदर्भ त्यांच्या पायाखालचा होता. वर्ध्याला १९९३ मध्ये झालेल्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण सगळंच खरं धरलं तर दादांना एका रात्री चार तालुक्यांत मुक्काम करावा लागेल. चाहत्याची आठवण अशीच असते. आपण तिथे असायला हवं होतं ही ओढ इतकी जबर असते, की काही वर्षांनी माणूस तिथे होताच.

त्यांची माहिती थोडक्यात. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. पोट भरायला मुंबईत आले. गिरणीत, कोळशाच्या वखारीत, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख मोठेपणी झाली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती पक्की केली. पहिलं गीत १९४३ चं. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६), 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे संग्रह. 'सांगत्ये ऐका' आणि 'पंचारती' या सिनेमांतही त्यांची गाणी आहेत. गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. निधन १५ मे २००४.

दहा हजार हा आकडा ऐकला की लोक थक्क होतात. मला मात्र दुसरा प्रश्न पडतो. छापलेली किती? संग्रह हाताशी घेऊन बसलं की कळतं, फार थोडी. बाकीची कुठे आहेत? दादा लिहून देऊन टाकायचे. जिथं लिहिलं तिथल्या गायकाला, तिथल्या कार्यकर्त्याला. तो कागद त्या घरात राहायचा. म्हणजे या गाण्यांचं ग्रंथालय कुठल्या विद्यापीठात नाही. पत्र्याच्या पेट्यांत आहे, गाणाऱ्यांच्या लाल-निळ्या शाईच्या वह्यांत आहे आणि कॅसेटवर आहे.

इथे जगातलं एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. डेट्रॉइट शहरात सिक्स्टो रॉड्रिग्ज नावाचा मेक्सिकन वंशाचा एक गाणारा होता. १९७० आणि १९७१ मध्ये त्याच्या दोन रेकॉर्डी निघाल्या, अमेरिकेत विकल्या गेल्या नाहीत, कंपनीनं त्याला सोडून दिलं. तो पडक्या घरांची पाडापाडी, बांधकाम, असली अंगमेहनतीची कामं करत राहिला. इकडे दक्षिण आफ्रिकेत त्याच्या रेकॉर्डीच्या प्रती आणि प्रतींच्या टेप हातोहात फिरल्या. वर्णभेदाच्या राजवटीला कंटाळलेल्या तरुण गोऱ्यांच्या घराघरांत तो पोचला. त्यांना वाटे हा माणूस मेला. रंगमंचावर स्वतःला संपवलं अशी अफवाच होती. शेवटी दोन चाहत्यांनी माग काढला, तो जिवंत सापडला, १९९८ मध्ये तिकडे नेला, भरगच्च गर्दीपुढे गायला. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या २०१२ च्या माहितीपटात ही कहाणी आहे; त्याला ऑस्कर मिळालं. रॉड्रिग्ज २०२३ मध्ये गेला.

हा माहितीपट मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट खटकली. चाहते गाणाऱ्याला शोधतात, पण त्याच्या गाण्याचे पैसे इतकी वर्षं गेले कुठे हा प्रश्न सिनेमा विचारतो आणि मध्येच सोडतो. वामनदादांच्या बाबतीत तर तो प्रश्न कुणी विचारलाही नाही. मीही नाही. मी कॅसेट भरायचे पैसे घेत होतो.

*

आता कॅसेटबद्दल, कारण इथे माझी थोडी गती आहे.

फिलिप्स कंपनीनं कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघर आली. रेकॉर्डचा कारखाना घालायला भांडवल लागायचं. कॅसेटची प्रत मात्र कुणीही काढू शकत होता. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चं पुस्तक उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर आहे. एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि बोलीतली, गावठी म्हणून हिणवलेली, छोट्या समूहांची गाणी एकदम ऐकू येऊ लागली, असं त्याचं सांगणं. आमच्याकडे तेच झालं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, नागपूरचे कव्वाल नागोराव पाटणकर यांचे आवाज यवतमाळच्या कापसाच्या शेतापर्यंत पोचले ते कॅसेटवरून.

पण कंपनीच्या कॅसेटपेक्षा मला महत्त्वाची वाटतात ती जयंतीच्या रात्री लोकांनी स्वतः भरलेली. १४ एप्रिलच्या आगेमागे आमच्याकडे महिनाभर कार्यक्रम चालतात. गायन पार्टी येते: गायक, हार्मोनियम, ढोलक, बेंजो, मागे कोरस. कधी दोन पार्ट्यांचा सामना. स्टेजच्या पायथ्याशी ओळीनं टेपरेकॉर्डर मांडलेले. वीज गेली तर सेलवर.

सेलवर भरलेली कॅसेट मी नुसती ऐकून ओळखतो. सेल उतरला की मोटर मंद फिरते. मंद वेगात भरलेला आवाज नीट वेगाच्या टेपवर वाजवला की भरभर पळतो, गायक लहान पोरासारखा चिरका होतो. आमच्याकडे अशा कॅसेट आल्या की गिऱ्हाईक म्हणायचं, टेप खराब आहे. टेप ठीक असायची, त्या रात्री वीज गेलेली असायची. वेग दुरुस्त कसा करायचा? हार्मोनियमवरून. त्या पार्टीच्या पेटीवाल्याला विचारायचं, मास्तर, तुमचा गायक कुठल्या पट्टीत गायचा? तो सांगेल काळी चार, तर पेटी काळी चारला येईपर्यंत वेग खाली आणायचा. मग आवाज पुन्हा मोठ्या माणसाचा होतो.

दुसरी खोड हेडची. प्रत्येक टेपचं हेड किंचित तिरपं बसलेलं असतं. ज्या तिरक्या कोनात भरलं त्याच कोनात वाजवलं तर आवाज मोकळा, नाहीतर घोंगडीखालून आल्यासारखा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो कान लावून केसभर फिरवत राहायचं. टाळ्यांचा आवाज फुटला, की समजायचं शब्दही फुटणार. आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप साठवाल्यापेक्षा पातळ, ती हमखास गुंतते. लोकांनी नेमका आवडता कार्यक्रम नव्वदच्या कॅसेटवर भरलेला असतो, पैसे वाचावेत म्हणून.

या कॅसेटवर एक गोष्ट असते जी कंपनीच्या कॅसेटवर कधीच नसते. बक्षिसं. कडवं संपलं की निवेदक माइक ओढून घेतो आणि नावं वाचतो: अमक्या गावच्या अमक्यांकडून गायकाला दोन रुपये, महिला मंडळाकडून पाच रुपये, तमक्याकडून फर्माईश. ऐकणारे आज याला कंटाळतात, मोबाइलवर टाकताना हा भाग कापतात. मी मात्र ती नावं उतरवून घेतो. चाहता म्हणजे कोण, याचा याहून चोख पुरावा मला दुसरा ठाऊक नाही. ज्या काळात निंदणाची मजुरी किती होती हे माझ्या आईला विचारून बघा, त्या काळात दोन रुपये देणारा माणूस. त्याचं नाव फक्त इथेच नोंदलेलं आहे.

*

सिनेमाकडे येतो, पण फार वेळ थांबणार नाही. माझा तो प्रांत नव्हे.

मराठीत कल्ट म्हटलं की लोक 'अशी ही बनवाबनवी'चं नाव घेतात. १९८८ चा हा सिनेमा तेव्हाच गाजलेला होता. पुढे टीव्हीनं आणि मोबाइलनं त्यातली वाक्यं तिसऱ्या पिढीच्या तोंडी दिली. छानच आहे. पण पंथ म्हणावा तर लपूनछपून, चिकाटीनं, एकमेकांना सांगत वाढलेला हवा. तसा मी पाहिलेला सिनेमा म्हणजे आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांनी त्याआधी 'हमारा शहर'मध्ये त्यांचं गाणं चित्रित केलं होतं. ते गेल्यावर सुरू झालेला सिनेमा पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. लांबी तीन तासांवर. २०१२ च्या जानेवारीत मुंबईत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत तो उघड्यावर दाखवला, आणि मग वस्त्यावस्त्यांतून डीव्हीडी फिरली.

आमच्याकडे तो बुद्धविहाराच्या भिंतीला पांढरं धोतर लावून पाहिला. प्रोजेक्टर भाड्याचा. लोक माहितीपट बघायला बसले नव्हते. गाणं ऐकायला बसले होते. पडद्यावरचा गायक थांबला की मागून टाळ्या. एका म्हाताऱ्यानं पडद्याकडे दहाची नोट धरली आणि हसून परत खिशात घातली. न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीच्या खेळात हाच प्रकार झाला असता तर त्यावर प्रबंध झाला असता.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ची (२०१४) गोष्ट निराळी. व्हेनिसला पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, सगळं मिळालं. त्यात शाहीर नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार आमच्या विदर्भातले, 'विद्रोही' मासिकाचे संपादक, चळवळीतला माणूस. गाणी संभाजी भगतांची. नागपूर-वर्ध्याकडच्या लोकांना त्या भूमिकेत अभिनय दिसतच नव्हता. वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजी कोविडनं गेले, जयंतीच्या आदल्या दिवशी. आणि विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, स्टेजवरच कोसळले. आमच्याकडच्या वह्यांमध्ये या तारखा गाण्यांच्या मध्येच लिहिलेल्या सापडतात, पुढच्या गाण्याआधी एक ओळ सोडून.

*

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. गझलेच्या शेवटच्या शेरातही कवी आपलं टोपणनाव गुंफतो. भीमगीताचे आईबाप हे दोन्ही: एका बाजूनं अभंग-भजन, दुसऱ्या बाजूनं कव्वाली. म्हणून भीमगीताच्या शेवटच्या कडव्यातही कवीचं नाव असतं. 'वामन' हा शब्द शेवटच्या कडव्यात आला की ऐकणारा समजतो. ज्याला छापखाना मिळणार नव्हता, ज्याचं नाव कागदावर टिकणार नव्हतं, त्यानं ते गाण्याच्या आत शिवून ठेवलं. कुणी कितीही प्रती काढा, नाव बरोबर जाणार. मला ही युक्ती कुठल्याही कायद्यापेक्षा भक्कम वाटत आली आहे.

ती एकाच ठिकाणी कच्ची आहे. शेवटचं कडवं कापलं, तर नाव गेलं.

आजच्या डीजेवर, रीलवर गाणं मिनिटभर वाजतं, पहिलं कडवं आणि मुखडा. माझ्या वयाचे लोक त्यावर फार चिडतात. नव्या पोरांनी वाट लावली म्हणतात. मी अशा चर्चेत गप्प बसतो. कारण साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मावतो. जयंतीतलं एक गाणं सात मिनिटांचं. म्हणजे एका बाजूला चार गाणी. गिऱ्हाइकाच्या यादीत बारा-चौदा. तो म्हणायचा, भाऊ, सगळी बसवून द्या. मी बसवून द्यायचो. कसं? दोन कडवी झाली की आवाजाचं बटण हळूहळू खाली आणायचं आणि पुढचं गाणं सुरू. किती सफाईनं करायचो याचा मला अभिमान होता. असे अठरा वर्षांत किती गाण्यांचे शेवट मी माझ्या हातानं बुडवले, याचा हिशेब नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या पट्ट्यात जी गाणी दोनच कडव्यांची म्हणून लोकांना पाठ आहेत, त्यातली काही माझ्या बटणानं दोन कडव्यांची केली आहेत.

दुकान बंद झालं तेव्हा हे माझ्या डोक्यातही नव्हतं. २०१२ च्या सुमाराला एका पोरानं विचारलं, काका, हे गाणं कोणाचं? मी म्हटलं, वामनदादांचं. तो म्हणाला, कशावरून? मला सांगता येईना. त्या दिवसापासून मी जुन्या कॅसेट मागत फिरतो.

पद्धत साधी आहे. एका गाण्याच्या मिळतील तितक्या प्रती जमवायच्या, ज्या माझ्या दुकानातून गेलेल्या नाहीत अशा आधी. प्रत्येकीचा वेग आणि हेड लावून घ्यायचं. शब्द लिहून काढायचे. मग प्रती शेजारी ठेवायच्या. तुकोबांच्या गाथेच्या वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठभेद अभ्यासक जसे पाहतात, तसंच. गायक शब्द बदलतात, गावाचं नाव घालतात, तालुक्याचा उल्लेख करतात. नाव मात्र सहसा बदलत नाहीत. ती चोरी मानली जाते. या कामात एक कबूल करावं लागतं. जुनं ते सगळं सोनं नसतं. कित्येक गाणी यमकाला यमक जोडून केलेली आहेत, सामन्यांतले बायकांवरचे विनोद आज ऐकवत नाहीत. ते मी कापत नाही, उतरवून ठेवतो.

*

आमच्याकडे एक गाणं आहे. शाळेत जाणाऱ्या पोराच्या दप्तराचं. मजुरीला जाणारी आई पोराचं दप्तर कापसाच्या पोत्याच्या कापडातून शिवते, एवढाच विषय. तीन तालुक्यांत ते वामनदादांचं म्हणून गातात. मला मिळालेल्या छापील संग्रहांत ते नाही, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. माझ्याजवळच्या सर्व प्रतींत शेवटचं कडवं नव्हतं. त्यातल्या दोन मीच भरलेल्या, माझ्या अक्षरातलं लेबल.

गेल्या पोळ्याच्या आधी एक बाई घर शोधत आल्या. सत्तरीच्या पुढच्या. पिशवीत रुमालात गुंडाळलेली कॅसेट.

"भाऊ, तुमी टेपवाले ना? दुकान तं बंद दिसते."

"बंद झालं मावशी, पण टेप आहे घरी. बसा."

"हे कॅसेट वाजत नाही. याच्यात माह्या घरधन्याचा आवाज हाय. मंधात 'वन्स मोअर' म्हणते तो."

नव्वदची कॅसेट, गुंतलेली. स्क्रू काढून ती उघडली, टेप दुसऱ्या डबीत घेतली, पेन्सिलीनं सावकाश गुंडाळली. चिरका आवाज, म्हणजे त्या रात्री वीज गेली होती. वेग उतरवला. तिसऱ्या गाण्यानंतर तो आवाज आला, मोठा, भसाडा, अगदी माइकजवळून. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा लावा म्हणाल्या. पाचसहा वेळा लावला.

मग मी टेप पुढे जाऊ दिली आणि दप्तराचं गाणं लागलं. पूर्ण. चार कडवी. चौथ्या कडव्यात नाव आलं, पण नेमकं त्या ठिकाणी निवेदकानं बक्षीस वाचायला सुरुवात केली होती. नावाचं पहिलं अक्षर ऐकू येतं, पुढचं पाच रुपयांखाली दबलेलं. पहिलं अक्षर 'वा' नाही. हे मी रात्री दोनपर्यंत ऐकत बसलो, कारण मला ते 'वा' ऐकू यायला हवं होतं.

बक्षीस देणाऱ्याच्या नावावरून गाव कळलं. दारव्हा तालुक्यातलंच. तिथं गेलो, तिथल्या जुन्या पेटीवाल्याला गाठलं. त्यानं क्षणही न घालवता सांगितलं, हे आमच्याच गावच्याचं. शेतमजूर होता, चार-पाच गाणी केली त्यानं, १९९१ मध्ये गेला. पेटीवाल्याच्या वहीत ते गाणं होतं, निळ्या शाईत, चौथ्या कडव्यासकट. नाव टेपवरच्या पहिल्या अक्षराशी जुळलं. ते नाव मी इथे देत नाही. त्याच्या घरच्यांनी ते छापायला अजून होकार दिलेला नाही, आणि त्यांचा आधी हक्क आहे.

हे मी एका-दोन ठिकाणी सांगितलं तेव्हा लोक रागावले. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, दादांकडून गाणं काढून घेता? त्यांचा राग मला समजतो. चांगलं गाणं कानावर आलं आणि कवी माहीत नसला, की माणूस ते आपल्या लाडक्या कवीला देऊन टाकतो. त्यात कपट नाही, प्रेम आहे. कबीराच्या आणि तुकोबांच्या नावावर असंच कितीतरी जमा झालं. पण या प्रेमाखाली लहान माणूस सापडतो. ज्याची चारच गाणी आहेत, त्याचं एक गेलं म्हणजे पाव भाग गेला. दहा हजारांतून एक कमी झाल्यानं दादांना काय होणार आहे? उलट, शेतमजुरानं असं गाणं रचावं ही हवा ज्यांनी तयार केली त्यांत दादा पहिले.

दिवाळीआधी त्या कवीच्या मुलीकडे गेलो. ती आर्णीकडे दिली आहे. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. मी मोबाइलवर गाणं लावलं. तिनं चारही कडवी उभ्यानं ऐकली, निवेदकाचा आवाज आला तिथे डोळे बारीक केले.

"हेच गाणं जयंतीले डीजेवर वाजते ना?"

"हो."

"मंग याच्यावर तं मीबी नाचलो," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबाचं हाय हे कोनी सांगतलंच नाही."

मी पेन ड्राइव्ह आणली होती. ती वाजवायला तिच्याकडे काही नव्हतं. तिच्या मुलाच्या मोबाइलवर गाणं टाकून दिलं. त्यानं फाइलला नाव काय द्यायचं विचारलं. मी त्याच्या आजोबांचं नाव सांगितलं, आणि त्यानं ते टाइप करून मला दाखवलं. वेलांटी चुकली होती, ती त्याच्या आईनं दुरुस्त करायला लावली.